भाकरी कोणत्या तव्यावर भाजता?

मागच्या अंकात मी माझ्या सीलिॲकविषयी लिहिलं आणि शेवटी म्हटलं होतं, की प्रवासातल्या खाण्याबद्दल काही विचारायचं असेल तर जरूर लिहा. इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. त्यातली बरीचशी आयांची आहेत. प्रत्येकीला इथे उत्तर देता येणार नाही, म्हणून ज्यांत पुष्कळांचे प्रश्न येऊन जातात अशी सहा पत्रं घेतली आहेत.

तो अंक ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. सीलिॲक असलेल्या माणसाच्या पोटात ते गेलं, की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतले रसांकुर झिजतात आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. यावर गोळी नाही. ग्लुटेन आयुष्यभर बंद, एवढाच उपचार. माझं निदान २०११ साली झालं. त्याआधी सात वर्षं मी रक्त वाढावं म्हणून लोहाच्या गोळ्या घेत होते आणि रक्त काही वाढत नव्हतं. नोकरी पतसंस्थांच्या लेखापरीक्षणाची. महिन्यातले पंधरा दिवस सांगोला, जत, माण, खटाव. डबा एक दिवस पुरतो, दुसऱ्या दिवशी खानावळच. त्यामुळे पुढे जे लिहिते आहे ते त्या खानावळींतून शिकलेलं आहे.

प्रश्न : माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. एप्रिलमध्ये तिला सीलिॲक निघालं. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही आणि जाऊबाईंचं कुटुंब मालवणला पाच दिवस जाणार आहोत. सासूबाई म्हणतात, कोकणात सगळं तांदळाचंच तर असतं, आणि एखाद्या दिवशी घासभर खाल्लं तर काय होतंय! माझा जीव होत नाही. जावं का? (एक आई, डोंबिवली)

जा. नक्की जा. नऊ वर्षांच्या मुलीला 'तुझ्यामुळे आपण गेलो नाही' असं वाटू देऊ नका.

सासूबाईंचं अर्धं म्हणणं खरं आहे. भात, माशाची कढी, सोलकढी, घावणे, आंबोळी, तांदळाची भाकरी, उकडीचे मोदक. गव्हावाचून पोट भरेल असा महाराष्ट्रातला हा सगळ्यात सोपा मुलूख. पण गहू तिथेही लपून बसतो. कोंबडी-वड्यांच्या पिठात तांदूळ, उडीद, चणाडाळ यांच्याबरोबर पुष्कळ घरी गहू असतो, तेव्हा वडे नकोतच. आणि ज्या तेलात वडे तळले त्या तेलातलं दुसरं काहीही नको. आंबोळीचं पीठ आणि तवा विचारूनच घ्यायचा. तळलेल्या माशाची गोष्ट मात्र सविस्तर सांगते, कारण त्यात मी स्वतः फसता फसता वाचले.

मालवणात एका घरगुती खानावळीत मी मालकीणबाईंना विचारलं, बांगडा कशात घोळवता? म्हणाल्या, तांदळाच्या पिठात. नुसतं तांदळाचं? होय, नुसतं. तरी मी म्हटलं, जरा बघू का? त्यांनी हसून आत नेलं. चुलीशेजारी ॲल्युमिनियमची परात, तीत पांढरंशुभ्र पीठ. मी चिमूट घेऊन दोन बोटांत चोळली. तांदळाचं पीठ बोटांत मऊ सरकतं. हे खरखरलं. मी त्यांच्याकडे पाहिलं तशा म्हणाल्या, "हां, थोडो रवो घालतंव, कुरकुरीत होवक." त्या खोटं बोलल्या नव्हत्या. त्यांच्या लेखी रवा हा मीठ-मसाल्यासारखा, सांगण्याजोगा जिन्नसच नव्हता. मी म्हटलं, रवा म्हणजे गहू, आणि गहू माझ्या पोटात गेला तर मी आठ दिवस आडवी. त्यांनी कपाळाला हात लावला. "बाय माझे, आधी सांगूचा नाय?" मग दुसरा बांगडा धुतला, वेगळ्या ताटलीत मसाला लावला, डब्यातलं कोरं तांदळाचं पीठ काढलं आणि छोट्या तव्यात नवं खोबरेल तेल घातलं. मी तो बांगडा खाल्ला आणि मला काही झालं नाही.

म्हणून तुम्हाला सांगते, 'ग्लुटेन आहे का?' असं विचारू नका. 'कशात घोळवता, कोणत्या तेलात तळता, कोणत्या तव्यावर भाजता?' असं विचारा. आणि आत जाऊन बघा. कोकणात घरगुती खानावळीतला स्वयंपाक पाहुण्याला दाखवायला कोणी नाही म्हणत नाही, निदान मला तरी कोणी म्हटलं नाही. राहायलाही मोठ्या हॉटेलपेक्षा एखादं घरगुती निवासस्थान बघा. तिथे स्वयंपाक करणारी एकच बाई असते, एकीला नीट समजावलं की पाच दिवस निभतात. जाण्याच्या आठवडाभर आधी फोन करा, आणि पोचल्यावर मुलीचा छोटा तवा, उलथनं, किलोभर तांदळाचं पीठ आणि गहू नसलेल्या हिंगाची डबी (हिंगाचं पुढे सांगते) त्यांच्या हातात द्या. 'हे तिचं' एवढं म्हटलं की पुरतं. कोकणातल्या बाईला वेगळं भांडं म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही.

आता घासभराचा हिशेब. मी हिशेबाची माणूस, तेव्हा आकड्यांतच सांगते. एका चपातीला साधारण २५ ग्रॅम कणीक लागते. कणकेत ढोबळमानाने दहा टक्के ग्लुटेन धरा, म्हणजे एका चपातीत अडीच हजार मिलिग्रॅम. रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन पोटात जात राहिलं तर आतड्याला इजा होते हे अभ्यासांत दिसलेलं आहे, आणि दिवसाला १० मिलिग्रॅमच्या आत राहिलं तर बहुतेकांना सोसतं. चपातीचा एक घास आठवा हिस्सा धरला, तरी तीनशे मिलिग्रॅम झाले. सासूबाईंना हे शांतपणे सांगा. त्यांचं प्रेमच आहे नातीवर, आकडा कळला की त्याच जाऊबाईंच्या मुलांना तिच्या ताटात हात घालू देणार नाहीत. आणि एक लक्षात ठेवा, पोट दुखलं नाही म्हणजे इजा झाली नाही असं नसतं. काही मुलांना वरून काहीच जाणवत नाही, आत मात्र झीज सुरू असते.

प्रश्न : मी औषधांचा विक्री प्रतिनिधी आहे. जालना, बीड, परभणी असा फिरतो. दोन वर्षांपासून चपाती, पाव, बिस्किट काही खात नाही. ढाब्यावर फक्त ज्वारी-बाजरीची भाकरी. तरी रक्ततपासणीत टीटीजी (सीलिॲकमध्ये ग्लुटेनमुळे रक्तात वाढणारी प्रतिपिंडं) खाली येत नाही. डॉक्टर म्हणतात, तुम्ही काहीतरी खाताय. मी शपथेवर सांगतो, खात नाही. (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

दादा, तुमच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. माझंही पहिल्या दीड वर्षात हेच झालं होतं. चोर ती भाकरीच होती.

कणकेचा गोळा ताणला तर रबरासारखा ताणला जातो. तो चिवटपणा म्हणजेच ग्लुटेन. म्हणून चपाती लाटता येते. ज्वारीत तो नाही, म्हणून भाकरी गरम पाण्यात मळून हाताने थापावी लागते, आणि थापणाऱ्याचा हात बसलेला नसेल तर ती कडेला चिरते. ढाब्यावर घाई असते. थापणारा पोरगा कालपरवा आलेला असतो. मग भाकरी चिरू नये म्हणून पिठात दोन मुठी कणीक मिसळतात. भाकरी दिसायला छान गोल येते. मी जतजवळ एका ढाब्यावर पाहिलं आहे, ज्वारीचा डबा आणि कणकेचा डबा शेजारी शेजारी आणि एकच वाटी दोन्हींत फिरतेय. नुसत्या ज्वारीची भाकरी असली तरी खाली भुरभुरायला कणीक घेतात, आणि तव्यावर आधीच्या चपातीची जळकी पिठी असतेच. वर मी १० मिलिग्रॅमचा आकडा दिला आहे. ते म्हणजे कणकेची एक दशांश ग्रॅम पिठी. भाकरीच्या पाठीला त्याहून जास्त चिकटते.

त्याच्याही मागे गिरणी आहे. गव्हाच्या दळणानंतर ज्वारी टाकली तर जात्याच्या दगडांत अडकलेलं गव्हाचं पीठ तुमच्या दळणात येतं. घरासाठी घरघंटी घ्या, आणि तिच्यात गहू एकदाही दळू नका. मी २०१२ साली घेतली. तेव्हा ती महाग वाटली होती, पण माझा टीटीजी खाली आला तो त्यानंतर.

ढाब्यावर मग काय खायचं? मी भात मागते. साधा पांढरा भात, वर साधं दही, उकडलेली अंडी किंवा भाजलेले शेंगदाणे, कांदा, लिंबू, मिरचीचा ठेचा. पंजाबी रश्शाच्या भाज्या नको, कारण दाटपणासाठी काय घातलंय ते वाढप्याला माहीत नसतं. कोफ्त्यात मैदा असतो. तंदूरमधलं पनीर, चिकन नको, त्याच भिंतीला नान चिकटवलेले असतात. बिर्याणीची हंडी पुष्कळदा कणकेच्या पट्टीनं बंद करतात, तिच्या कडेचा भात नको. तळणातलं काहीच नको. भजी बेसनाची असली तरी त्याच कढईत समोसे तळले जातात. सणासुदीला किंवा कुठे पंगतीला गेलात तर कुरडई विसरू नका. ती गव्हाच्या चिकाची, आणि ती तळलेल्या तेलात पापड येतो.

तुमच्या भागात फिरताना सोबत सोलापूरची कडक भाकरी ठेवा. पातळ, करकरीत, पाकिटात आठवडेच्या आठवडे टिकते. मात्र जिच्याकडून घेता तिला एकदा विचारा, की पिठात गहू नाही ना आणि तवा कोणता. मला एक ताई सापडल्या, त्या घरात चपातीच करत नाहीत. शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि ती भाकरी यावर मी कित्येक दुपारी काढल्या आहेत. थालीपीठ मात्र 'भाजणीचं आहे' म्हणून खाऊ नका, भाजणीत बहुतेक घरी गहू असतो. आणि मेतकूट! आजारी माणसाला आपण मेतकूट-भात देतो, पण पारंपरिक मेतकुटात गहू भाजून घातलेले असतात. हे मला कळलं तेव्हा फार वाईट वाटलं होतं, कारण माझी आई मला बरं नसलं की तेच भरवायची.

हिंगाचं बऱ्याच जणांनी विचारलंय, ते इथेच सांगते. बाजारातला हिंग शुद्ध नसतो. हिंगाच्या चिकात डिंक आणि पीठ मिसळून तो विकण्याजोगा करतात, आणि ते पीठ बऱ्याचदा गव्हाचं किंवा मैद्याचं असतं. डबीवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, वाचा. तांदळाच्या पिठाचा हिंगही मिळतो. चार माणसांच्या आमटीत चिमूटभर हिंग पडला तर एकाच्या वाट्याला काही मिलिग्रॅमच ग्लुटेन येतं. पण ते रोज, दोन्ही वेळा आणि हॉटेलात चिमटीऐवजी चमच्याने. म्हणून मी वरण-आमटीला हिंग कोणता ते विचारते, आणि उत्तर नीट मिळालं नाही तर दही-भात खाते. तवा आणि पीठ यांची चौकशी पहिली, हिंगाची त्यानंतर. आणि हे सगळं करूनही टीटीजी उतरला नाही, तर पोटाच्या डॉक्टरांकडे पुन्हा जा, माझ्या पत्रावर थांबू नका.

प्रश्न : आम्ही दोघं अकोल्याहून नोव्हेंबरात काशीला जाणार आहोत. मला सीलिॲक आहे, वय ६४. उपासाचे पदार्थ बाहेर कुठेही चालतात, असं एका ओळखीच्या बाईंनी सांगितलं. खरं आहे का?

त्या बाईंनी तुम्हाला फार मोलाचं सांगितलं. साबुदाणा, वरई, राजगिरा, शिंगाडा, बटाटा, रताळं, शेंगदाणे, यांतल्या कशातच ग्लुटेन नाही. फोडणी तुपाची, जिरं-मिरचीची. आपल्याकडे उपासाला हिंग घालत नाहीत, म्हणजे तीही काळजी मिटली. आणि त्याहून मोठी गोष्ट अशी, की 'ग्लुटेन' हा शब्द ज्याला ठाऊक नाही त्या आचाऱ्यालाही उपासाचं वेगळं ठेवायचं असतं हे कळतं. मी उपास आहे असं खोटं सांगत नाही. 'उपासाचं वेगळ्या भांड्यात करता का?' असं विचारते. हो म्हणाला तर साबुदाण्याची खिचडी किंवा वरई आणि दाण्याची आमटी निश्चिंतपणे खाते. साबुदाणा वडा मात्र कढई पाहून. वडापावच्या गाडीवर दोन्ही वडे एकाच तेलात पोहतात. राजगिऱ्याचं सुटं पीठ घेऊ नका, बंद पाकिटातलं घ्या.

उत्तरेत 'व्रत का खाना' म्हणा. कुट्टू, सिंघाडा, समा. कुट्टूचं इंग्रजी नाव बकव्हीट, त्यात व्हीट असलं तरी त्याचा गव्हाशी काही संबंध नाही. अडचण एवढीच, की बरीच हॉटेलं हे नवरात्रातच करतात, नोव्हेंबरात मिळेलच असं नाही. काशीत सकाळी केदार घाट, हनुमान घाट या बाजूला जा. तिथे दक्षिणेकडच्या यात्रेकरूंचा राबता आहे, इडली मिळते. थंडीत तिथे चूडा-मटर करतात, म्हणजे पोहे आणि मटार, फक्त हिंग विचारा. मलाईयो जरूर खा, दुधाचा फेस आहे नुसता. कचोरी, बाटी, जिलबी यांच्याकडे वळू नका. गाडीत पँट्रीचं जेवण नको, भात आणि पोळी एकाच हातानं भरलेली असते. वरईचं पीठ, पातळ पोह्यांचा घरचा चिवडा, राजगिऱ्याचे लाडू, केळी आणि शेंगदाण्याची चिक्की एवढ्यावर एक रात्र, एक दिवस सहज निघतो.

प्रश्न : माझ्या पत्नीला सीलिॲक आहे. मे महिन्यात आम्ही ग्रुप टूरने युरोपला जातो आहोत. सहल कंपनी म्हणते, रोज भारतीय जेवण आहे, काळजी नको. आम्ही शाकाहारी आहोत. (एक वाचक, सांगली)

मला काळजी वाटते ती त्या भारतीय जेवणाचीच. चाळीस माणसांसाठी मांडलेलं बुफे, नान उचललेला चिमटा भातात, हिंग कोणता ते विचारायला वेळ नाही. तुमच्या पत्नीसाठी स्थानिक हॉटेलं जास्त सुरक्षित ठरतील, विशेषतः इटलीत.

युरोपीय संघात डिसेंबर २०१४ पासून नियम आहे, की हॉटेलनं चौदा प्रकारच्या ॲलर्जीकारक घटकांची माहिती गिऱ्हाइकाला द्यायलाच हवी. त्यात ग्लुटेन असलेली धान्यं येतात. तिथल्या भारतीय हॉटेलांनाही तो लागू आहे, तेव्हा विचारताना संकोच करू नका. इटलीत तर २००५ सालीच सीलिॲकसाठी स्वतंत्र कायदा झाला, शाळा आणि रुग्णालयांच्या भोजनगृहांत ग्लुटेनशिवाय जेवण मिळण्याची तरतूद त्यात आहे. तिथली सीलिॲक संघटना हॉटेलवाल्यांना प्रशिक्षण देते आणि अशा हॉटेलांची यादी ठेवते. दोन शब्द पाठ करून घ्या : 'सोनो चेलियाका', म्हणजे मला सीलिॲक आहे, आणि 'सेन्झा ग्लुतिने', ग्लुटेनशिवाय. मी २०१८ साली भाच्याकडे गेले होते. बोलोन्यातल्या एका छोट्या हॉटेलात हे दोन शब्द उच्चारले तर वाढणाऱ्या मुलीनं मेनू माझ्या हातातून काढून घेतला आणि दुसरा आणून दिला. माझा पास्ता वेगळ्या रंगाच्या ताटलीत आला. सात वर्षांत मी पहिल्यांदाच कोणाला काहीही समजावून न सांगता जेवत होते, आणि मला रडू आलं. जेलातो खायचं असेल तर कोन नको, पेला घ्या आणि डाव धुऊन घ्यायला सांगा.

विमानाचं असं आहे. ग्लुटेनशिवायच्या जेवणाला विमान कंपन्यांत 'जीएफएमएल' म्हणतात. निदान दोन दिवस आधी नोंदवायचं, आणि परतीच्या विमानासाठीही ते नोंदलं गेलंय का ते तपासायचं. पण ते शाकाहारी असेलच असं नाही! बहुतेक कंपन्या एकाच प्रकारचं खास जेवण नोंदवू देतात, एक तर शाकाहारी किंवा ग्लुटेनशिवाय. माझ्या पुढ्यात एकदा कोंबडी आली, मला चालते म्हणून निभावलं. तुम्ही डबा न्या. सहल कंपनीकडे टूर मॅनेजरचं नाव आत्ताच मागा आणि त्यांना लेखी कळवा, तोंडी सांगितलेलं ऑफिसातच राहतं.

प्रश्न : मी २४ वर्षांची. ऑफिसची ट्रिप गोव्याला आहे. सगळ्यांसमोर वेटरला इतकं विचारायची लाज वाटते. कॅफेच्या बोर्डावर 'ग्लुटेन फ्री' लिहिलेलं असतं, तिथे बिनधास्त खाऊ ना?

बिनधास्त नको. आपल्याकडे पाकिटबंद खाण्यावर ग्लुटेन फ्री लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत ग्लुटेन असावं लागतं. पण कॅफेत त्या पाकिटातून निघालेला पिझ्झा मैद्याच्या पिझ्झ्याशेजारीच भट्टीत जातो. बोर्ड वाचून आत जायचं, आणि भट्टी, सुरी, तेल विचारायचं.

लाजेचं मला कळतं. म्हणून सगळ्यांसमोर विचारूच नकोस. आदल्या दिवशी हॉटेलला फोन कर, किंवा बाकीचे फोटो काढत असताना दहा मिनिटं आधी पोच आणि थेट स्वयंपाकघराच्या दाराशी जा. बारा वाजता किंवा संध्याकाळी सातला आचारी ऐकून घेतो, दीड वाजता नाही. माझ्या पर्समध्ये पोस्टकार्डाच्या आकाराचा कागद असतो, मराठी, हिंदी आणि कानडीत. त्यावर एवढंच आहे : 'मला गव्हाची गंभीर ॲलर्जी आहे. कणीक, मैदा, रवा, शेवया, दलिया, पाव, जव, सोया सॉस चालत नाही. भात, ज्वारी, नाचणी, डाळी, बटाटा, दूध, अंडी, मासे चालतात. कृपया धुतलेला तवा आणि कोरं तेल घ्या. खात्री नसेल तर नाही म्हणा, मला राग येणार नाही.' सीलिॲक ही खरं तर ॲलर्जी नाही, पण आचाऱ्याला तो शब्द कळतो म्हणून मी तोच लिहिते.

गोव्यात उकड्या तांदळाचा भात आणि माशाचं हुमण खा. मासा रवा फ्राय नको, मसाला लावून वेगळ्या तव्यावर. सान्नां (तिथली इडली) तांदळाची. पोई (तिथला पाव) गव्हाची. बेबिंकात मैदा असतो, त्याऐवजी दोदोल विचार, ते तांदळाच्या पिठाचं असतं. बिअर जवाची, तेव्हा ती नाही. फेणी चालते.

प्रश्न : गुहागर तालुक्यात आमची घरगुती खानावळ आहे. मे महिन्यात एक कुटुंब आलं. ताटं वाढल्यावर त्यांनी मुलाचं सांगितलं. आम्हाला समजेना काय द्यावं, ते न जेवताच उठले. तो मुलगा उपाशी गेला ही गोष्ट मनातून जात नाही. आम्ही काय करायला हवं होतं?

दादा, तुमचं पत्र मी घरात मोठ्यानं वाचून दाखवलं.

त्या दिवशी तुम्ही काही चुकलात असं मला वाटत नाही. ताटं वाढल्यावर सांगितलं तर कोणालाही सुचत नाही. पुढच्या वेळेसाठी सांगते. एक छोटा तवा, एक कढई, एक पातेलं, एक उलथनं आणि एक चाळणी बाजूला काढा आणि त्यांच्या मुठींना लाल दोरा बांधा. ती भांडी सगळ्यात वरच्या फळीवर ठेवा, कारण पीठ उडून खाली बसतं. तांदळाचं पीठ घरी दळत असाल तर त्याच्या आधी गहू दळू नका, आणि त्या पिठाचा डबा वेगळा, त्यात चपातीच्या पिठाची वाटी बुडवायची नाही. तांदळाच्या पिठाचा हिंग एक डबी आणून ठेवा, तो सगळ्यांच्याच आमटीला वापरलात तर फोडणी वेगळी करावी लागणार नाही. अशा पाहुण्याचं ताट सगळ्यात आधी करा, चपात्या लाटायला घेण्यापूर्वी. दारावर 'ग्लुटेन फ्री' असं लिहू नका. 'गहू चालत नसेल तर आधी सांगा, वेगळं करून देऊ' असं लिहा. आणि ज्या दिवशी गर्दी आहे, हात मोकळा नाही, त्या दिवशी सरळ 'आज जमणार नाही' म्हणा. एवढं केलंत तरी अचानक आलेल्या मुलाला भात, दही, केळं आणि सोलकढी देता येतं. तेही पोटभर जेवणच आहे.

मला जानेवारीत चिपळूणला यायचं आहे. तिथून गुहागर काही लांब नाही. दोन दिवस आधी मी फोन करीन. आम्ही तिघं असू, दोघांना सगळं चालतं. माझ्यासाठी भात आणि कुळथाचं पिठलं पुरे. मोदक करणार असाल तर फार आनंद होईल, फक्त पारीचं पीठ कोणत्या डब्यातलं ते मला आत येऊन बघू द्या.